बोलणारा चिमटा

अहो,

तेरवी झाली, पाहुणे आपापल्या गावी गेले. आता भेटायला येणारा जो तो तुमच्याबद्दल एकच वाक्य बोलून जातो. "डोये नसून बी माणसानं एवढं काम केलं." मी पाण्याचा ग्लास पुढे करते. तुम्ही असता तर तिथल्या तिथे म्हणाला असता, "डोये होते की. कामाचे नव्हते, एवढंच." समोरचा ओशाळला असता आणि तुम्ही त्याला चहा पाजून परत हसवलं असतं. मला तसं बोलता येत नाही. शाळेत चाळीस पोरांना गप्प करता येतं, पण घरी आलेल्या माणसाला नाही.

खरं तर लोकांचं काही चुकत नाही. त्यांनी शेवटचे तुम्ही पाहिलेत. मी आधीचेही पाहिलेत.

नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, नजरेचा मधला भाग जाईल, कडा राहतील. उपाय नाही. परतीच्या बसमध्ये तुम्ही पांढरकवड्यापर्यंत खिडकीबाहेर तोंड करून बसलात. मग एकदम म्हणालात, "भाकर मधात करपली वं. कड बरी हाय." मी रडले आणि तुम्ही हसलात. आपल्या घरात पुष्कळदा असंच झालं.

त्यानंतर काही महिन्यांनी तुम्ही माझ्याशी बोलताना माझ्या खांद्याकडे पाहायला लागलात. मला आधी कळेना. वाटलं, पदर सरकलाय, नाहीतर ब्लाउजला खडू लागलाय. मी सारखी खांदा झटकायची. एक दिवस तुम्हीच सांगितलंत, "तिकडं पाह्यलं का इकडचं तोंड दिसते. सरळ पाह्यलं का गायब होते." तेव्हापासून कुणी तुमच्यासमोर उभं राहिलं, की मी मनात मोजायची, याचं तोंड आता यांना दिसतंय की नाही.

तेव्हा तुम्ही कंपनीत होतात. आदिलाबादेत कॉम्प्युटर नुकते येऊ लागले होते. एखादी बँक, एकदोन सरकारी दफ्तरं, जिनिंगचे मालक. कुठलाही बंद पडला की तुम्हालाच हाक. कपाशीच्या हंगामात जिनिंगच्या ऑफिसातून घरी यायचात तेव्हा तुमच्या मिशांना रुई असायची. "आज मशीनीतून दिवाळीच्या वाती निघतीन एवढा कापूस काढला," असं सांगायचात. पाल निघाल्याचंही सांगायचात, मुंग्यांच्या वारुळाचंही. ते काम तुम्हाला आवडायचं. आवडतं काम करणारा माणूस घरात येतो तेव्हा दारातूनच कळतं, तसं तुमचं होतं.

आणि मग तो दिवस आला. चिपच्या एका टोकाला बारीक खाच असते, ती बघून चिप बसवायची असते. तुम्हाला खाच दिसली नाही आणि चिप उलटी बसली. सगळ्या दफ्तरासमोर धूर निघाला. तिथले साहेब रागावले नाहीत. त्यांनी शिपायाला चहा आणायला सांगितला, आणि तेच तुम्हाला लागलं. घरी येऊन म्हणालात, "शिव्या देल्या असत्या तं बरं झालं असतं." त्याच आठवड्यात तुम्ही राजीनामा दिला. कंपनीनं तुम्हाला काढलेलं नव्हतं. हे मी इथे मुद्दाम लिहिते, कारण तुमच्या धाकट्या भावाला अजून तसंच वाटतं.

आदिलाबादेजवळच्या मावल्यातल्या आपल्या घराची पुढची खोली मग दुकान झाली. कॉम्प्युटर, प्रिंटर, स्टॅबिलायझर, काय येईल ते. नजरेचं तुम्ही गिऱ्हाइकांना सांगितलं नाही, मीही नाही. गिऱ्हाईक आलं की म्हणायचात, "ठेवून जा, उद्या या." मी संध्याकाळी शाळेतून आले, चहा झाला, की आपण दोघं टेबलाशी बसायचो. हातात भिंग घेऊन मी चिपांवरचे आकडे वाचायची. ते मुंगीच्या पायाएवढे, राखाडी रंगावर राखाडी. मराठी शिकवणारी बाई मी, मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. सात-चार-एल-एस-दोन-चार-पाच. पहिल्या दिवशी तुम्ही कपाळाला हात लावला होता. "अवं, कविता म्हटल्यावानी म्हणू नको. बजारातला भाव सांगते तसं सांग."

मला ते जमलं. हळूहळू कोणती चिप कसलं काम करते तेही कळायला लागलं. मीटरचा काटा मी वाचायची, त्याच्या वायरची सुई चिपच्या कुठल्या पायावर ठेवायची ते तुम्ही सांगायचात. "डावीकडून चवथा. आता पाचवा. किती दाखोते?" एखादा बोर्ड दुरुस्त झाला की तुम्ही म्हणायचात, "आपण केला." तुम्ही कधी 'मी केला' म्हणाला नाहीत. माझ्या आयुष्यातला तो फार चांगला काळ होता. तुमच्यासाठी तो तसा नसेल, हे मला तेव्हा सुचलं नाही.

मग भीमपूरच्या शाळेची हेडमिस्ट्रेस म्हणून माझी बढती निघाली. मी नको म्हणून कळवलं. तुम्हाला सांगायचा प्रश्नच नव्हता, कारण तुम्ही काय म्हणाल ते मला माहीत होतं. पण आमच्या शाळेतल्या कुमुदबाई स्टॅबिलायझर घ्यायला आल्या आणि बोलून गेल्या, "बाईनं बढती सोडली, नवऱ्यासाठी. अशी बायको मियत नाही भाऊ."

त्या गेल्यावर तुम्ही टेबल आवरलंत. मी चहा आणला, तो घेतला नाहीत.

"काऊन नाही म्हटलं?"

"सकाळची बस, संध्याकाळची बस. अंधार पडते घरी याले," मी म्हटलं.

"खरं सांग."

"मंग तुमाले आकडे कोण वाचून देईन?"

तुम्ही माझ्या खांद्याकडे पाहिलंत. "मले इचारलं होतं? मी का लहान लेकरू आहो? माह्या डोयाच्या नावानं तू घरी बसली, हे मी गावाकडून ऐकून घेऊ?"

आपण महिनाभर नीट बोललो नाही. आकडे तेवढे वाचायचो. भांडण झालेल्या घरात सात-चार-एल-एस म्हणणं किती विचित्र वाटतं, ते आपल्या दोघांनाच ठाऊक.

त्या महिन्यातच तुम्ही ते चिमट्याचं हत्यार करायला घेतलंत. मी शाळेत गेल्यावर करायचात, आल्यावर झाकून ठेवायचात. मला फक्त घरातल्या वस्तू गायब होताना दिसत होत्या. कपडे वाळत घालायचे लाकडी चिमटे कमी झाले. साबणाची डबी गेली. जुन्या रेडिओतला स्पीकर गेला. मी विचारलं नाही, कारण विचारायला आधी बोलावं लागलं असतं.

मग एका रविवारी सकाळी तुम्ही मला खुर्चीत बसवलंत आणि म्हणालात, "डोये मीट. पाहू नको हं, मास्तरीण."

तुम्ही माझा हात धरून टेबलावर नेलात. बोटांना चिमटा लागला. त्याच्या जबड्यात पितळी पट्ट्या बसवल्या होत्या, त्या चिपचे सगळे पाय एकदम धरायच्या. वर खिळ्यांच्या दोन ओळी होत्या, प्रत्येक पायाला एक खिळा. पहिला खिळा तुम्ही कानस घासून चौकोनी केला होता, म्हणजे मोजायला कुठून सुरुवात करायची ते बोटाला कळावं. दुसऱ्या हातात तुम्ही सुई दिलीत. सुईची वायर साबणाच्या डबीत गेली होती.

"एकेका खिळ्याले लाव."

मी लावली. डबीतून बारीक टीं असा आवाज आला. दुसऱ्या खिळ्याला जाड डूं. तिसऱ्याला टर्र, जशी रातकिड्यानं सुरुवात करावी.

"टीं म्हंजे विजेचा दाब हाय. डूं म्हंजे नाही. टर्र म्हंजे आत काम चालू हाय," तुम्ही सांगत होतात. "आता पुढं जा."

मी पुढे गेले. टर्र, टर्र, डूं, टर्र. आणि मग एका खिळ्याला काहीच नाही. मी सुई दाबून धरली, उचलून परत लावली.

"हा बोलत नाही," मी म्हटलं.

"बोलत नाही ना? मंग तोच मेला!" तुम्ही एवढ्या जोरात हसलात की शेजारचा कुत्रा भुंकला. "तुले समजलं! डोये मिटून, मराठीच्या बाईले समजलं!"

मी डोळे उघडले. मीटरकडे बघायचं काम राहिलं नव्हतं. नेहमी येणारे बोर्ड तुम्हाला पाठ झाले होते, कुठली चिप कुठे ते बोटांना माहीत होतं. चिमटा लावायचा, खिळे मोजायचे, ऐकायचं. मला आनंद झाला, खरंच झाला. आणि त्याच वेळी माझा हात भिंगाकडे गेला.

"म्हंजे माझं काम सुटलं," मी म्हटलं.

"काम नाही सुटलं वं. तू सुटली."

"सुटायचं कोणाले होतं?"

तुमचं हसू तिथेच थांबलं. तुम्ही डबीचं झाकण लावलंत, काढलंत, परत लावलंत.   हा वाद आपला असाच उघडा राहिला. तुमचं म्हणणं, हत्यार असं पाहिजे की माणसाला दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहायची वेळ येऊ नये. माझं म्हणणं, आणि पाहायचंच असलं तर? त्यावर तुम्ही म्हणायचात, "मास्तरीण, शब्दात पकडू नको." मी शब्दात पकडत नव्हते. मला वाटत होतं, या माणसाला मी जड झाले होते. संध्याकाळी आपल्याला बायकोची वाट पाहावी लागते, हे त्याला सोसत नव्हतं, म्हणून त्यानं डबी केली. तुम्ही डबीनं मला मोकळं केलंत की माझ्यापासून मोकळे झालात, हे मी सरळ कधी विचारलं नाही. भांडणात विचारलं, पण ते विचारणं नव्हे.

भीमपूरला मात्र मी गेले. दुसऱ्यांदा आलेली ऑर्डर तुम्ही स्वतः माझ्या हातात ठेवलीत. सकाळच्या बसला सोडायला यायचात, कडेच्या नजरेनं रस्ता ओलांडायचात आणि कंडक्टरला दर वेळी तेच सांगायचात, "पंतुलम्माले खिडकी द्या." पंतुलम्मा म्हणजे तेलुगूतली मास्तरीण.

निर्मल गावच्या राजन्नाची ओळख त्यानंतरची. तो टीव्ही दुरुस्त करायचा, मग कॉम्प्युटरकडे वळला, आणि अडलं की बोर्ड घेऊन तुमच्याकडे यायचा. त्यानं पहिल्यांदा चिमटा पाहिला त्या दिवशी मला सुट्टी होती. त्याला तुमच्या डोळ्यांचं माहीत नव्हतं. त्यानं दहा मिनिटं सुई फिरवली आणि म्हणाला, "सार, ये तो बहुत अच्छा है. मीटर देखने को गर्दन उठाना नै पडता. सुई सरकतीच नै." नजर पायावरून हलली की सुई सरकते, दोन पाय एकमेकांना चिकटतात आणि चांगली चिप जळते, हे चांगल्या डोळ्यांच्या माणसाचंच दुखणं होतं. कानानं ऐकायचं म्हटलं की नजर जागची हलत नाही. हे तुम्हाला कधी सुचलं नव्हतं. तुम्ही स्वतःच्या अडचणीसाठी केलेली वस्तू ज्याला ती अडचण नाही त्याच्याही उपयोगी पडली. राजन्ना गेल्यावर तुम्ही मला तीनदा विचारलंत, "त्याले सांगितलं तं नव्हतं ना तू?" मी शपथ घेतली. तेव्हा कुठे तुम्ही नीट जेवलात.

त्याच्यासाठी एक चिमटा केलात, मग त्याच्या ओळखीच्यांसाठी काही. पॉलिटेक्निकची पोरं येऊन बघून गेली. एकानं विचारलं, "सार, हा प्रिंटरवर बी चालते काय?" तुम्ही म्हणालात, "बोलणाऱ्याले काय, कोणाशी बी बोलते." पुढे बोर्ड बदलले. चिपांचे पाय केसासारखे बारीक झाले, चिमट्यात मावेनात. बिघडलं की अख्खा बोर्डच फेकायची पद्धत आली. राजन्ना हळहळायचा. तुम्ही फारसे हळहळला नाहीत. "जुन्या प्रिंटरायले पुरते ना? माह्या जिंदगीले पुरंल," म्हणालात. आणि पुरला.

आता जे सांगायला बसले ते सांगते.

मी भीमपूरला जायला लागल्यावरही तुम्ही रोज एक बोर्ड माझ्यासाठी ठेवायचात. मी बसमधून उतरून घरी आले, पाय धुतले, चहा झाला, की म्हणायचात, "एक राह्यला. आकडे झिजले हायत, पाहून दे." मी भिंग घेऊन बसायची. एक चिप वाचायची, मग तुम्ही विचारायचात, "आज शाळेत त्या कोलामाच्या पाड्यावरल्या पोरीनं काय केलं?" मी ते सांगायची. मग दुसरी चिप. मग शिपाई आणि घंटेचं भांडण. मग तिसरी. एका बोर्डाला तासही लागायचा. शेवटी तुम्ही म्हणायचात, "थांब, हाच असंल," आणि मला बरं वाटायचं, की अजून एखादं काम आहे जे डबीला जमत नाही.

एक दिवस तुम्ही हात धुवायला मागे गेला होतात आणि मी तुमच्या आधी बसले. बोर्ड समोर होता. चौथ्या चिपवर मेणाचा एवढासा ठिपका होता. मला ठाऊक होतं तो कशाचा. मेलेली चिप सापडली की तुम्ही तिच्यावर मेणबत्तीचा थेंब टाकायचात, नंतर बदलताना बोटाला कळावी म्हणून. म्हणजे बोर्डाचं दुखणं तुम्हाला दुपारीच सापडलं होतं.

तुम्ही आलात. अंगठ्यानं तो ठिपका चाचपून बघितलात आणि मी काही बोलायच्या आत म्हणालात, "हं, वाच."

मी पहिल्या चिपपासून वाचलं. चौथीला पोहोचले. आवाज सरळ ठेवला, भाव सांगतात तसा. तुम्ही म्हणालात, "पुढं." मी पुढे वाचलं, सगळ्या बाराच्या बारा. मध्ये शाळेचं सांगितलं. शेवटी तुम्ही विचार केल्यासारखं केलंत आणि म्हणालात, "चवथी परत सांग. हं. थेच असंल."

मी काही बोलले नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. नंतर मी रोज बघायची, ठिपका कुठे आहे. कधी तो नसायचाच, तेव्हा खरंच मदत हवी असायची. पण बहुतेक दिवशी असायचा. तुम्हाला वाटायचं मला दिसत नाही, आणि मी दिसत नसल्यासारखं वाचायची. त्यानंतर मी वादही घातला नाही. तुम्ही एकदा विचारलंत, "आजकाल भांडत नाहीस, बरं वाटत नाही काय?" मी म्हटलं, वय झालं.

हे सांगायला मी कशाची वाट पाहत होते, कुणास ठाऊक. वाटायचं, बोलले तर बोर्ड ठेवणं बंद कराल, लाजाल. म्हणून राहू दिलं. त्या दुपारी तुम्ही खुर्चीतच गेलात तेव्हा मी शाळेत होते. राजन्ना समोर होता, त्याचं नशीब आणि माझं नाही. तर आता ऐका. मला माहीत होतं, अहो. कित्येक वर्षं माहीत होतं. राग आला असेल तर येऊ द्या.

परवापासून मी शाळेत जायला लागले. एका दफ्तरानं बाद केलेला कॉम्प्युटर शाळेला मिळालाय. मी नव्हते तेव्हाच येऊन पडला होता. मास्तरांनी हार घातला, नारळ फोडला, बटण दाबलं तर पडद्यावर काही नाही. मी गेले तशी सगळी माझ्याकडे बघायला लागली, जणू तुमची बायको म्हणून माझ्या हातात काही असेल. मी म्हटलं, परत चालू करा. एक लांब शिट्टी वाजली आणि दोन तोकड्या. तुम्ही सांगितलेलं मला आठवलं, की ही शिट्टी वाजली तर पडद्याचं कार्ड ढिलं असतं. पेचकस मागवला, झाकण काढलं. कार्ड उपसलं तर त्याच्या सोनेरी दातांवर काळी पुटं. सहावीतल्या एका पोरीचं खोडरबर घेतलं आणि ते दात घासले, एकेक करून. पोरगी रडवेली झाली. "म्याडम, आता हे काया झालं. माही चित्रकलेची वही खराब होईन." तिला नवीन देते म्हटलं. कार्ड परत बसवलं, अंगठ्यानं दाबलं. झाकण लावलंच नाही. पंचवीसतीस पोरं खिडकीत, मास्तर मागे, आणि मी बटणावर बोट ठेवून उभी.

काल संध्याकाळी घरी येऊन हेच सगळं मी मोठ्यानं सांगत होते, तुमच्या टेबलाशी बसून. इथपर्यंत आले आणि दाराशी शेजारच्या लक्ष्मीबाई उभ्या दिसल्या. हातात वाटी होती, दही मागायला आल्या असतील.

"कोणाशी बोलून राह्यल्या बाई?" त्यांनी विचारलं.

"ह्यांच्याशी," मी म्हटलं.

त्यांनी टेबलाकडे पाहिलं, रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं. मला वाटलं, आता जवळ घेतील, समजूत घालतील. त्यांनी वाटी खाली ठेवली आणि उंबरठ्यावर बसल्या.

"मंग?" त्या म्हणाल्या. "चालू झाला काय थो कॉम्प्युटर?"